मोकळी जमीन म्हणजे कोणती?

कामगार आमच्याकडे येतो तो थकलेल्या पगाराची किंवा ग्रॅच्युइटीची तक्रार घेऊन. ती लिहून घेतली की तो उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, "भाऊ, खोलीचं काही जमेल का?" त्याचा खरा प्रश्न हाच असतो. पगारासाठी मालकाशी भांडता येते, पण खोलीसाठी कोणाशी भांडावयाचे हे त्याला ठाऊक नसते. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. त्यामुळे हा विषय आम्हीही उशिराच, शब्दकोश शेजारी ठेवून, नगररचनेचा कायदा वाचता वाचता शिकलो. तोच येथे मांडतो.

शहरातील जमिनीचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थेकडे असावा, ही कल्पना आपल्याकडे प्लेगने आणली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. मात्र पहिल्या वीस वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या काही उभ्या राहिल्या नाहीत. पुढे १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व परळजवळच्या डिलाईल रोडवर मिळून २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. भाडे परवडेना आणि काँक्रीटच्या भिंतींना हवा खेळेना, म्हणून त्यांतल्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. घरांची टंचाई असताना घरे रिकामी राहतात, हा चमत्कार नवा नाही.

आता विकास आराखड्याविषयी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये प्रत्येक नगरपालिकेला तो करावा लागतो. प्रथम आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे याची पाहणी होते. मग नकाशा रंगविला जातो. वस्तीची जागा पिवळी, कारखान्यांची जांभळी, बागा व मैदाने हिरवी. शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी काही जागा राखून ठेवतात. त्याला आरक्षण म्हणतात. आरक्षण पडले म्हणून जमीन नगरपालिकेची झाली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठराविक मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण उठते. नकाशावरचे मैदान असे पुसले जाते.

आराखड्याबरोबर नियमांचे एक पुस्तक असते. नकाशा पाहावयास चार माणसे तरी जातात, पण पुस्तक कोणी उघडत नाही. कोणत्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल हे त्यात असते. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ असेल, तर सर्व मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधता येते. हा आकडा वाढला की जमीन तेवढीच राहते आणि किंमत चढते.

या पुस्तकातील एका शब्दाने गिरणगावाचे काय केले ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आमचे वडील लूमखात्यात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या, पण त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन उरली होती, तीही शहराच्या मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करावयाची असेल तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा पालिकेला मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २० मार्च २००१ रोजी हा नियम बदलला. वाटणी तशीच राहिली, पण ती आता फक्त मोकळ्या जमिनीची. शेड पाडून जी जागा निघेल ती मोकळी धरावयाची नाही.

हिशेब करून पाहा. शंभर गुंठ्यांच्या आवारात ऐंशी गुंठे शेडखाली आहेत असे धरा. जुन्या नियमाने पालिकेला तेहतीस गुंठे व म्हाडाला तेहतीस गुंठे मिळाले असते. नव्या नियमाने वीस गुंठ्यांचे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी सात गुंठेदेखील नाहीत. लूमखात्याच्या शेड एकमजली आणि ऐसपैस असत. त्यामुळे बहुतेक आवारे अशीच भरलेली होती.

अशा फेरबदलाचीही जाहिरात द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. त्या सुमारास आम्ही थकलेल्या देण्यांसाठी गेटसभा घेत होतो. राजपत्र वाचावे असे आमच्या कोणाच्या मनात आले नाही. आमच्या कचेरीतून एकही हरकत गेली नाही, हे आम्हांला कबूल केले पाहिजे.

पर्यावरणाचे काम करणारी मंडळी न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 'मोकळी जमीन' या शब्दांत शेड पाडल्यावरची जमीनही येते, असा त्याचा आशय होता. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. तोवर काही गिरण्यांचे लिलाव होऊनही गेले होते. आज तेथे कचेऱ्या, दुकाने आणि उंच मनोरे आहेत.

म्हाडाच्या वाट्याला जे आले त्यावर कामगारांसाठी २२५ चौरस फुटांची घरे झाली. पहिली सोडत २०१२ साली निघाली, सुमारे सात हजार घरांची. अर्ज दीड लाखांहून अधिक आहेत. त्यांत आमच्या वडिलांचाही आहे. ते सोडतीपूर्वीच गेले, म्हणून अर्ज आता आईच्या नावावर चालतो. सोडतीची बातमी आली की ती पत्र्याच्या पेटीतून गिरणीचा पास काढते, पुसते आणि आम्हांला नंबर पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगते.