गणपतीखालचा पोत

फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये मूळचे सांगलीचे एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये लेथपासून रंध्यापर्यंत सगळं आहे, त्यामुळे गाडीला तिथं जागा नाही. १९८५ सालचा त्यांचा पिकअप ट्रक दारात उन्हात उभा असतो. आपल्याकडे ट्रक म्हटलं की सहा, दहा, बारा चाकं आणि मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. अमेरिकेत मात्र पुढे दोघा-तिघांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या घरगुती गाडीलाही ट्रकच म्हणतात, आणि लोक तो पोटच्या पोरासारखा सांभाळतात. गेल्या एप्रिलमध्ये प्रस्तुत लेखक तिथं पोचला तेव्हा काकांनी त्या ट्रकचा तडे गेलेला अख्खा डॅशबोर्ड काढून सुतारकामाच्या बाकावर उताणा टाकला होता. काकू म्हणाल्या, “चहा हवा असेल तर तिकडेच घेऊन जा. ते आता जेवायलाच आत येतील.”

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीच्या काळातला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानापुढे लाकडाची किंवा कातड्याची फळी असे, तो डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली. तिच्यावर घड्याळं आणि बटणं बसली. पुढे अपघातात डोकी फुटायला लागली तेव्हा तिला गादी आली. १९५६ साली फोर्डने गादीचा डॅशबोर्ड जादा पैशांत देऊ केला, १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि हळूहळू पत्र्याचा डॅशबोर्ड इतिहासजमा झाला. इतकी पूर्वपीठिका पुरे.

या गादीला तीन थर असतात. तळाला कडक सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची साल. तडा जातो तो या सालीला. आणि या सालीची गोष्ट डॅशबोर्डपेक्षाही रंगतदार आहे. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला व्हिनाइल क्लोराइड भरलेल्या, उन्हात राहिलेल्या काचपात्रांत एक पांढरा घट्ट पदार्थ जमलेला दिसला. तेच पीव्हीसी. म्हणजे ज्या पदार्थापायी वाहनमालक उन्हाला शिव्या घालतात, तो जन्मला उन्हातच! पण तो होता कडक आणि ठिसूळ. १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवलं आणि हाती लवचिक, रबरासारखा गोळा आला. पीव्हीसीला मऊ ठेवणाऱ्या अशा तेलकट द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ व्हिनाइलच्या वजनात त्याचा वाटा सहज पाव ते तिसरा हिस्सा असतो.

हे तेल सालीत बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. पुरणपोळीतलं तूप जसं कागदावर उतरतं, तसं ते वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं. काही हवेत जातं, काही खालच्या फोममध्ये. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची पुढची काच आतून पुसली की फडक्याला जो चिकट धुरकटपणा लागतो, त्यात या तेलाचा मोठा भाग असतो. तेल गेलं की साल आक्रसते, ताणली जाते आणि एका दुपारी फाटते.

ऊन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अतिनील किरण येतात. प्रस्तुत लेखकाला हा आरोप अर्धाच पटतो. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि ती या किरणांचा बहुतांश भाग अडवते. खरी मारेकरी उष्णता. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी फिनिक्सशेजारच्या टेंपीमध्ये मोटारी उन्हात उभ्या करून मोजमापं घेतली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तासाभरात केबिनमधली हवा सरासरी ४७ अंश सेल्सियसवर गेली, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीत उभ्या केलेल्या मोटारींचा डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास राहिला. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. दारात उभ्या ट्रकचं काय होत असेल!

तडा कुठून सुरू होतो तेही पाहण्यासारखं असतं. स्पीकरच्या जाळीचा कोपरा, काचेवर हवा फेकणाऱ्या फटीचं टोक, स्क्रूचं भोक. ताण कोपऱ्यांत गोळा होतो, हा इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली जहाजांच्या पत्र्यांसाठी मांडलेला हिशेब इथंही लागू पडतो. म्हणून काका प्रत्येक तड्याच्या अगदी टोकाला तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडतात. अणकुचीदार टोक गोल झालं की तडा सहसा पुढे सरकत नाही.

मग धुलाई. आधी भांड्यांचा साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडकं मळेनासं होईपर्यंत. डॅशबोर्ड चमकवायला लोक वर्षानुवर्षं जे पॉलिश चोपडतात, त्यातलं सिलिकॉन इथं मुळावर येतं. ते राहिलं तर भरण धरत नाही आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात. त्यानंतर तड्याच्या कडा. भाजलेल्या पापडासारख्या त्या वर वळलेल्या असतात. त्या खाली दाबून चिकटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. काका त्या सरळ कटरने कापून टाकतात आणि तड्याला इंग्रजी व्हीसारखी घळ पाडतात. आत फोमचा पिवळा भुगा निघतो. तोंडाला मास्क हवाच.

भरायचं काय, यावर मात्र वाद नको. पत्र्याचे पोचे भरायची गॅरेजवाल्यांची पुट्टी किंवा सुतार-रंगाऱ्यांची लांबी इथं कामाची नाही. ती दगडासारखी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या कडेने नवा तडा जातो. दोन नळ्यांतून एकत्र येणारं, वाळल्यावरही वाकणारं प्लास्टिकसाठीचं भरण घ्यायचं, पातळ थरांत लावायचं, आणि ८०, १८०, ३२० अशा चढत्या नंबराच्या पॉलिशपेपरने घासून सपाट करायचं. इथवर कुणालाही जमतं.

अडतं ते पोतापाशी. घासून झालेला भाग गुळगुळीत, आणि भोवतालच्या सालीवर कातड्यासारख्या बारीक सुरकुत्या. कितीही जुळता रंग मारा, तिरप्या उन्हात तो भाग कपाळावरच्या व्रणासारखा उठून दिसतो. गंमत अशी, की या सुरकुत्या खोट्या कातड्याच्या आहेत. घोडागाडीची फळी कातड्याची होती, मोटारीतला ऐषाराम कातड्याचा होता, म्हणून प्लास्टिकच्या साच्यातही कातड्याचा पोत कोरला गेला. आपल्याकडच्या रेक्झिनचीही तीच कुळकथा. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तयार होणाऱ्या नकली कातड्याचं ते व्यापारी नाव. इकडे त्याचं सामान्यनाम झालं, आणि एस.टी.च्या सीटपासून दवाखान्यातल्या बाकापर्यंत सगळं रेक्झिनचं म्हणवलं गेलं.

पोत उसना घ्यावा लागतो. डॅशबोर्डच्या शाबूत भागावर साच्याचं पातळ सिलिकॉन रबर ब्रशने फासायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी सोलून काढायचं. हातात त्या सुरकुत्यांचा उलटा ठसा येतो. दुरुस्त भागावर पाण्यात मिसळणाऱ्या व्हिनाइल भरणाचा अगदी झिरझिरीत हात फिरवायचा, हीटगनने तो वाळत आणायचा, आणि चिकटपणा जाता जाता ठसा दाबायचा. लवकर दाबला तर भरण ठशाबरोबर उचलून येतं, उशिरा दाबला तर काहीच उमटत नाही. मधली वेळ काका बोटाने ओळखतात. त्या सकाळी त्यांचे तीन प्रयत्न फसले. प्रत्येक वेळी अल्कोहोलने पुसून पुन्हा पहिल्यापासून.

पण ठसा घ्यायला शाबूत भाग होता कुठे? चाळीस वर्षांच्या पुसण्याने वरचा सगळा पोत झिजला होता. तो सापडला गणपतीखाली. ट्रक घेतला त्या वर्षी काकूंनी दुहेरी चिकटपट्टीने डॅशबोर्डवर पितळी गणपती बसवला होता. तो उचलल्यावर खाली तळहाताएवढी जागा निघाली. चिकटपट्टीचा चिकटा काढला, तर आत करकरीत सुरकुत्या आणि मूळचा गडद तपकिरी रंग. बाकीचा डॅशबोर्ड एव्हाना चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा झाला होता. ठसाही तिथूनच घेतला आणि रंगाचा नमुनाही.

रंग मॅटच हवा, नाहीतर समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडून रस्ता दिसत नाही. शिवाय तो नुसत्या ठिगळाला न देता अख्ख्या गादीला द्यायचा, पातळ थरांत. काम फारच बिघडलेलं असेल तर जुन्या डॅशबोर्डवर चिकटवायची, त्याच मापाची प्लास्टिकची टोपी बाजारात मिळते. प्रस्तुत लेखकाला ती टकलावरच्या विगसारखी वाटते, लांबून ठीक. १९९८ ते २००१ च्या डॉज रॅमवाल्यांना मात्र नाकं मुरडून चालत नाही. त्यांचा डॅशबोर्ड बिस्किटासारखा तुकडे होऊन निघतो हे त्या गोतावळ्यात सर्वश्रुत आहे.

या सगळ्यात एक जागा हात न लावण्याची. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिकडच्या हलक्या ट्रकमध्ये डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना एअरबॅग सक्तीची झाली. उजवीकडची बॅग डॅशबोर्डच्या झाकणातून ठरलेल्या शिवणीवर फाटून बाहेर येते. त्या झाकणावर भरण किंवा टोपी चढवली तर ती वेळेवर फाटेलच असं नाही. तिथं तडा असेल तर झाकण बदलायचं. आणि अशा ट्रकचा डॅशबोर्ड काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून, गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं. काकांच्या १९८५ च्या ट्रकला बॅगच नाही, ती काळजी मिटली.

चौथ्या दिवशी गादी परत ट्रकमध्ये बसली. गणपती काकूंनी स्वतः, नवी चिकटपट्टी लावून, होता तिथंच बसवला. काका लेखकाला म्हणाले, “डोळे मिटा आणि ठिगळ शोधा.” पहिल्या फेरीत बोट स्पीकरच्या जाळीपासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलं, कुठेही अडखळलं नाही. दुसऱ्या फेरीत जरा दाबून पाहिलं, तेव्हा जाळीच्या कोपऱ्यापाशी सुरकुत्या त्याच होत्या, पण खालची गादी दबत नव्हती.

“सापडलं का?” काकांनी विचारलं. बाहेर अकरा वाजले होते आणि डॅशबोर्डवर हात ठेववत नव्हता.