कापरे हात आणि थायरॉइडचा कागद

यंत्रावर एखाद्या गड्याचे हात कापू लागले, की पहिला संशय दारूवर जातो. वजन उतरले, की क्षयावर. बाईमाणूस असेल, तर ‘मनाला लावून घेते’ म्हणून विषयच संपवतात. परंतु छाती धडधडणे, घाम फुटणे, भूक असूनही अंग झिजणे, या सर्वांच्या मुळाशी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे अतिकाम असू शकते. आम्ही काही डॉक्टर नाही. संघटनेच्या कामात तपासणीचे कागद हाताळता हाताळता शिकलो. माणसाची रोजी ज्या कागदावर ठरते, तो आपणांस वाचता यावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

ही ग्रंथी मुख्यतः टी-४ आणि थोडे टी-३ रक्तात सोडते. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. माल कमी पडला की हा मुकादम टीएसएच नावाचा हुकूम वाढवतो. जास्त झाला की आवरतो. म्हणून थायरॉइड बेफाम सुटली की टीएसएच वाढत नाही, उलट शून्याजवळ येतो. इथेच पुष्कळांची फसगत होते. ‘आकडा कमी, म्हणजे थायरॉइड कमी’ असे ते समजतात. (मुकादम गप्प बसला म्हणजे काम बंद आहे असे नव्हे, हे कामगारांना सांगायला नको!) प्रौढांत टीएसएच साधारणतः दर लिटरला ०.४ ते ४ मिलि-युनिट असतो. तो दबलेला आणि मोकळा टी-४ चढलेला असला, की रोग बहुधा उघड होतो. कधी टी-४ ठीक असून एकटा टी-३ चढतो, म्हणून तोही पाहावा. गरोदरपणाच्या आरंभी टीएसएच आपोआप उतरतो; केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या तर कित्येक तपासण्यांत खोटेच आकडे दाखवतात. त्या निदान दोन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवाव्यात.

पुढचा प्रश्न अधिक मोलाचा. जादा माल नव्याने तयार होतो आहे, की गोदाम फुटून सांडतो आहे? डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णिलेल्या रोगात शरीरातील प्रतिद्रव्ये टीएसएचचे सोंग घेऊन खोटा हुकूम सोडत राहतात. ग्रंथीला सूज आली, तर मात्र साठा नुसता गळतो. तिथे उत्पादन रोखणारे कार्बिमॅझोल काय कामाचे? प्रतिद्रव्यांची तपासणी किंवा किरणोत्सारी आयोडीनचे चित्र हा भेद सांगते; गरोदर बाईला मात्र हे चित्र वर्ज्य.

उपचारांनी टी-४ ताळ्यावर आला, तरी टीएसएच कित्येक महिने दबलेला राहू शकतो. तेवढ्यावरून कोणी ‘अजून बरा नाही’ असा शेरा मारला, तर टी-४ आणि टी-३चे आकडे मागून घ्यावेत.