मैदानाची निवड आणि क्लबाचे दार

गोल्फ हा खेळ आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. खेळला असेल तो त्याहूनही थोड्यांनी. शे-दीडशे एकरांची हिरवळ, तिच्यावर दूरदूर पांगलेले अठरा खळगे आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खळग्यांत घालण्याची खटपट करणारी सुखवस्तू माणसे, एवढेच चित्र साधारणतः आपल्या मनात उभे राहते. अशा खेळाच्या स्पर्धा कोणत्या मैदानावर भरवाव्यात, या प्रश्नाने दैनिकाच्या वाचकाला शिणवावे काय, असे कोणी विचारल्यास ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु खासगी मालमत्ता, सार्वजनिक पैसा आणि सामाजिक समता यांच्या परस्परसंबंधांविषयी या निवडीच्या इतिहासात जे शिकायला मिळते, ते अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सहसा सापडत नाही.

व्यावसायिक गोल्फमध्ये पुरुषांच्या चार स्पर्धा सर्वोच्च मानल्या जातात. त्यांपैकी मास्टर्स ही स्पर्धा १९३४ पासून अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या एकाच क्लबाच्या मैदानावर होत आली आहे. उरलेल्या तीन, म्हणजे अमेरिकेतील यू. एस. ओपन व पी. जी. ए. चॅम्पियनशिप आणि आपण जिला ब्रिटिश ओपन म्हणतो ती स्पर्धा, निरनिराळ्या ठिकाणी भरतात. म्हणजे वर्षाकाठी यजमानपदे अवघी तीन. दुर्मिळ वस्तूचे वाटप बाजारभावाने होते, नियमाने होते किंवा वशिल्याने होते, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे वाटप करणाऱ्या संस्था खासगी आहेत, त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. ब्रिटिश ओपनच्या बाबतीत हा अधिकार सेंट अँड्र्यूज येथील 'आर अँड ए' या संस्थेकडे आहे.

निवडीचे जाहीर कारण बहुधा मैदानाचे गुण हेच असते. ब्रिटिश ओपन समुद्रकाठच्या रेताड, वाऱ्याने झोडपलेल्या जमिनीवरच खेळली जाते, आणि तेथील उंचसखलपणा, खुरटे गवत व बेभरवशाचा वारा हीच खेळाडूची खरी परीक्षा, असे जाणकार सांगतात. ते खरेही आहे. पण तेवढेच खरे असते, तर स्कॉटलंडमधील प्रेस्टविकचे मैदान यादीतून कधीच गळले नसते. १८६० साली पहिली ओपन तेथेच झाली. खेळाडू आठ, खळगे बारा आणि एकाच दिवसात तीन फेऱ्या, असा तो घरगुती मामला होता. प्रेस्टविकने एकूण २४ वेळा ही स्पर्धा भरवली. १९२५ साली मात्र अखेरच्या फेरीत प्रेक्षकांची अशी काही झुंबड उडाली की, पाच फटक्यांची आघाडी घेऊन उतरलेल्या मॅक्डोनाल्ड स्मिथला त्या गर्दीतून धड खेळताही येईना. त्याने त्या फेरीत ८२ फटके घेतले व तो हरला. त्यानंतर प्रेस्टविकला ओपन पुन्हा आली नाही. वाळू तीच होती, वाराही तोच होता. माणसे मावेनाशी झाली होती.

कार्नुस्टी हे स्कॉटलंडमधलेच दुसरे मैदान. त्याच्या कठीणपणाविषयी कोणाचे दुमत नाही, तरी १९७५ नंतर २४ वर्षे ते यादीबाहेर राहिले. येणाऱ्यांनी उतरायचे कोठे, ही त्यातली एक मोठी अडचण होती. मैदानालगत हॉटेल उभे राहिले आणि १९९९ साली स्पर्धा परतली. उत्तर आयर्लंडमधील पोर्टरशला तर ६८ वर्षे वाट पाहावी लागली. १९५१ नंतर तेथे ओपन झाली ती २०१९ साली, आणि मधल्या काळातील तीन दशकांचा रक्तपात लक्षात घेता या विलंबाचे कारण वेगळे सांगायला नको. मैदानाचे शेवटचे दोन खळगे मोडून ती जागा तंबूंना आणि प्रेक्षकांच्या सोयींना देण्यात आली, त्यांच्याऐवजी दुसरीकडे दोन नवे खळगे तयार झाले, आणि गावाचे रेल्वे स्टेशनही स्पर्धेच्या तोंडावर नव्याने बांधले गेले. प्रेक्षक आले २,३७,७५०. सेंट अँड्र्यूज वगळता एवढी उपस्थिती त्यापूर्वी ओपनच्या कोणत्याही मैदानाने पाहिली नव्हती.

स्पर्धेमुळे अमुक इतक्या कोटींचा लाभ झाला, असे अहवाल अशा वेळी प्रसिद्ध होतात. प्रस्तुत लेखक ते हातचे राखूनच वाचतो. कारण गर्दीला व वाढलेल्या भाड्यांना भिऊन जो नेहमीचा प्रवासी त्या आठवड्यात फिरकत नाही, त्याची वजाबाकी करण्याचा उत्साह अहवाल लिहिणाऱ्यांत क्वचितच आढळतो. पण लाभाचा आकडा कोणताही धरला तरी खर्चाची बाजू निर्विवाद आहे. रस्ते, रेल्वे, पोलिस, आरोग्यव्यवस्था हे सारे करदात्याच्या पैशातून येते. ज्या समारंभाचा मांडव सार्वजनिक पैशातून घातला जातो, त्या घरात प्रवेश कोणाला आणि मज्जाव कोणाला, हे विचारण्याचा अधिकार मग नागरिकाला पोचतो की नाही? हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

एडिंबरोजवळच्या म्यूरफील्डचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ज्या मंडळीचे हे मैदान आहे, तिने १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम केले. १८९२ पासून २०१३ पर्यंत म्यूरफील्डवर १६ वेळा ओपन झाली. या क्लबात स्त्रियांना सभासदत्व नव्हते. पाहुण्या म्हणून त्या खेळू शकत. सभासद म्हणून मात्र त्यांना जागा नव्हती. मे २०१६ मध्ये हा नियम बदलण्यासाठी मतदान झाले. ६१६ जणांनी मत दिले. बदलाच्या बाजूने ३९७, विरुद्ध २१९. बहुमत बदलाच्या बाजूने होते, पण घटनेप्रमाणे दोनतृतीयांश हवे होते आणि १४ मते कमी पडली. विरोधकांच्या पत्रकात खेळाची गती मंदावेल आणि दुपारच्या जेवणाच्या व्यवस्थेत अडचणी येतील, अशा काळज्या व्यक्त झाल्या होत्या! पावणेतीनशे वर्षांच्या परंपरेच्या रक्षणासाठी पुढे आलेली ही कारणे वाचून परंपरेचीच कीव येते.

आर अँड एने त्याच दिवशी जाहीर केले की, जो क्लब स्त्रियांना सभासद करून घेत नाही त्याच्या मैदानावर ओपन होणार नाही. आर अँड ए या नावाचा जो मूळ क्लब आहे, त्याने स्वतः हे दार सप्टेंबर २०१४ मध्ये उघडले होते. उपदेश करणाऱ्याची पाटी कोरी होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही परिणाम व्हायचा तो झालाच. म्यूरफील्डच्या मतदानानंतर सुमारे सहा आठवड्यांनी रॉयल ट्रून क्लबाने स्त्रियांना प्रवेश देण्याचा ठराव केला. त्यांच्या मैदानावर ओपन सुरू व्हायला तेव्हा दोनच आठवडे उरले होते. मार्च २०१७ मध्ये म्यूरफील्डवर पुन्हा मतदान झाले. ६२१ पैकी ४९८ मते बाजूने पडली आणि मैदान यादीत परत आले. अवघ्या दहा महिन्यांत शंभर सभासदांना जी उपरती झाली, ती समतेच्या तत्त्वाचे मनन केल्यामुळे झाली असे मानण्याइतका भाबडेपणा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला परवडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. चार मित्रांनी आपल्या पैशाने जमीन घेतली, तीवर कोणाला बोलवावे हे त्यांनीच ठरवावे; राज्यसंस्थेने वा अन्य कोणी त्यात का पडावे? संघस्वातंत्र्य हे लोकशाहीचे मूल्य आहे, हे मान्यच आहे. परंतु म्यूरफील्डचे दार कोणी पाडले नाही, की जमीन कोणी जप्त केली नाही. तुम्हाला हवे तसे राहा, मात्र मग आमची स्पर्धा मागू नका, एवढेच त्यांना सांगण्यात आले. मालकीबरोबर यजमानपद आपोआप येत नाही. क्रिकेटच्या संदर्भात मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिकिटांच्या वाटपावरून त्या क्लबाचे आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे बिनसले, तेव्हा हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तेथे झाली. मैदान क्लबाकडेच राहिले. कसोटी तेवढी दुसरीकडे गेली.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक उघड्यावाघड्या स्वरूपात घडली. १९९० ची पी. जी. ए. चॅम्पियनशिप अलाबामा राज्यातील शोल क्रीक या क्लबाला मिळाली होती. कृष्णवर्णीयांना सभासद करून घेण्यासाठी आमच्यावर कोणी दबाव आणू शकणार नाही, अशा अर्थाचे उद्गार स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधी क्लबाच्या संस्थापकाने वार्ताहरापाशी काढले. मैदानाची निवड कित्येक वर्षे आधी झालेली होती, आणि क्लबात कोण आहे व कोण नाही हे निवड करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. खुद्द पी. जी. ए. च्या घटनेत केवळ गौरवर्णीयांनाच सभासद करून घेण्याचे कलम १९६१ पर्यंत होते. खळबळ उडाली ती नागरी हक्कांच्या संघटना निदर्शनांची तयारी करू लागल्या तेव्हा. पण निर्णायक ठरले ते आय. बी. एम., टोयोटा यांसारख्या कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या जाहिराती काढून घेणे. वीस लाख डॉलरांहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागण्याची वेळ आली, आणि मग लुई विली या कृष्णवर्णीय उद्योजकांना क्लबाने सन्माननीय सभासद करून घेतले. पुढे यजमान क्लबांसाठी भेदभावविरोधी नियम झाला. काही नामांकित क्लबांनी तो पाळण्यापेक्षा आपल्या मैदानावरच्या स्पर्धा सोडणे पसंत केले, हेही खरे.

न्याय झाला, पण जाहिरातदार बिथरल्यावर झाला. उद्या जाहिरातदारांना भेदभावच फायद्याचा वाटला तर काय, याचे उत्तर या पद्धतीत नाही. निवडीचा अधिकार हे दुधारी शस्त्र आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदभवनावर हल्ला झाल्यानंतर चारच दिवसांनी पी. जी. ए. ने २०२२ ची स्पर्धा डोनाल्ड ट्रम्प यांच्या न्यू जर्सीतील मैदानावरून हलवण्याचे ठरवले. पाठोपाठ आर अँड एने स्कॉटलंडमधील टर्नबेरीला नजीकच्या काळात ओपन मिळणार नाही, असे जाहीर केले. ट्रम्प यांनी २०१४ साली ते विकत घेतले; तेथील शेवटची ओपन २००९ ची. या दोन्ही निर्णयांबद्दल प्रस्तुत लेखकाला खंत नाही. परंतु स्त्रियांना प्रवेश ही अट लेखी, सर्वांना सारखी आणि पूर्ण करता येण्याजोगी होती. मालक कोण, यावर घातलेल्या बहिष्काराला तशी स्पष्ट अट नसते. उद्या मालकाशी सलोखा सोयीचा वाटल्यास निर्णयही फिरू शकतो. नियम आणि मर्जी यांतला हा फरक लहान नाही.

या कटकटीतून सुटण्याचा एक मार्ग फार जुना आहे. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स हे मैदान आजवर ३० वेळा ओपनचे यजमान झाले असून २०२७ ची स्पर्धाही त्याच्याकडे आहे. हे जगप्रसिद्ध मैदान कोणत्याही क्लबाच्या मालकीचे नाही. ती सार्वजनिक जमीन आहे. तेथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत मान्य झाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका दिवाळखोरीत निघाली, जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली, आणि सशांनी मैदान उकरायचे की माणसांनी खेळायचे यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. १८९४ साली गावाने ती जमीन परत विकत घेतली. आज एक विश्वस्त संस्था कायद्याने तिचा कारभार पाहते. एरवी रविवारी तेथे गोल्फ बंद असते. लोक मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरतात.

अमेरिकेला हे शहाणपण उशिरा सुचले. यू. एस. ओपन १८९५ साली सुरू झाली. पण जनतेच्या मालकीच्या आणि शासनानेच चालवलेल्या मैदानावर ती प्रथम खेळली गेली २००२ साली, न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज येथे. हे मैदान १९३६ साली खुले झाले. महामंदीच्या दिवसांत बेकारांना काम मिळावे म्हणून काढलेल्या सरकारी योजनेतून ते घडले. आपल्याकडे रोजगार हमीच्या मजुरांनी पाझर तलाव खोदले, त्याच जातीचे ते काम. सकाळी खेळायचा क्रमांक मिळावा म्हणून सामान्य नोकरदार तेथे वाहनतळावर गाडीतच रात्र काढतात. २००२ साली टायगर वुड्स तेथे जिंकला आणि स्पर्धा उरकल्यावर तेच मैदान पुन्हा त्या रांगेतल्या लोकांच्या स्वाधीन झाले.

म्यूरफील्डने २०१९ साली पहिल्या बारा स्त्रियांना सभासदत्वासाठी आमंत्रण दिले. २०२२ मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन प्रथमच त्या मैदानावर झाली. दक्षिण आफ्रिकेची ॲश्ले बुहाय आणि कोरियाची चुन इन जी यांची बरोबरी झाल्यामुळे निर्णायक खेळ चौथ्या खळग्यापर्यंत लांबला, आणि बुहाय जिंकली तेव्हा जवळजवळ अंधार पडला होता. क्लबाच्या इमारतीतले दिवे एव्हाना लागले होते.