दोर ढिला पडतो तेव्हा

शिडाची छोटी होडी लांबून पाहिली, की नजर शिडावर जाते. पण डोलकाठी उभी राहते ती तिला दोन्ही बाजूंनी आणि पुढून ताणून धरणाऱ्या दोरांमुळे. बऱ्याच होड्यांवर या कामाला पोलादी तारा असतात. आता काही जण तिथे डायनीमाचा, म्हणजे एका खास पॉलिथिलीन धाग्याचा दोर वापरतात. तो हलका असतो, पाण्यावर तरंगतो, गंजत नाही आणि ५ मिलिमीटर जाडीचा असला तरी दोन टनांहून अधिक ताण सोसतो.

या दोराला गाठ मात्र मानवत नाही. धागा इतका गुळगुळीत, की साधी गाठ सरकते. टिकली तरी दोराची ताकद निम्म्यावर येते. म्हणून ‘स्प्लाइस’ करतात. दोर आतून पोकळ विणलेला असतो. टोक वळवून फास करायचा आणि ते जाडीच्या सुमारे ७० पट लांबीपर्यंत, म्हणजे इथे ३५ सेंटिमीटर, त्याच दोराच्या पोटात ओवायचे. ताण आला की बाहेरची वीण आवळते आणि टोक पकडून ठेवते.

हेच टोक पुढे बाहेर काढून मोकळे ठेवले, तर वीण सैल करून फास लहानमोठा करता येतो. झोपाळा टांगायला ही युक्ती उत्तम. डोलकाठीला मात्र ती धोक्याची आहे. होडी कलली की वाऱ्याकडचा दोर ताठतो आणि दुसऱ्या बाजूचा ढिला पडतो. ढिल्या दोराची पकड सुटते, हिसक्यांनी टोक सरकते. होडीने दिशा बदलली की सारा भार नेमका त्याच दोरावर येतो.

म्हणून धरण्याचे आणि ताणण्याचे काम वेगळे ठेवावे. दोराच्या दोन्ही टोकांना कायमचे फास करावेत आणि ओवलेला भाग सुईदोऱ्याने शिवून टाकावा, म्हणजे ढिलेपणीही तो निसटणार नाही. खालचा फास आणि होडीवरची कडी यांच्यामध्ये बारीक दोरीचे वळसे घ्यावेत. सहा पदर झाले, तर प्रत्येकावर साधारण सहावा हिस्सा भार येतो. वळसे ओढून ताण हवा तसा जुळवता येतो.

कायम ताणाखाली हा दोर हळूहळू लांबतो, नवी वीणही बसते. त्यामुळे मूळ दोर थोडा आखूड कापून वळशांना जागा ठेवावी आणि होडी पाण्यात लोटण्यापूर्वी प्रत्येक वेळी ताण हाताने तपासावा.