कॉफी भाजण्याची घरगुती भट्टी : आधी घट मोजा, मग मशीन घ्या

आखातातील नोकरी संपवून कायमचे घरी आलेले आपल्या पेण-रोहा भागातील तरुण छोट्यामोठ्या धंद्याच्या शोधात असतात. आमचा पुतण्याही असाच परतला. कॉफीचे कच्चे बी आणायचे, ते भाजून ताजी पूड विकायची, असा त्याचा विचार होता. विचार चांगला होता, पण त्यासाठी लाखांच्या घरातले भाजण्याचे यंत्र तो व्याजी कर्ज काढून घ्यायला निघाला होता. "चाचा, मशीन चालू झाली की हप्ता आपोआप निघेल," असे त्याचे म्हणणे. कापडाच्या गादीवर आमची तीस वर्षे गेली. आपोआप निघालेला हप्ता काही आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही त्याला सांगितले, "बाबा, आधी घरातल्या वस्तूंची एक लहान भट्टी कर. पन्नास घाणे भाज, प्रत्येकाचे वजन वहीत लिही. मग कर्जाचे बोलू." त्या भट्टीची आणि त्या वहीची हकीकत वाचक बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

कॉफी आपल्याला परकी नाही. 'कॉफी' हा शब्दच मुळात अरबी 'कहवा' या शब्दावरून आला. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत झोप येऊ नये म्हणून कहवा पीत. सतराव्या शतकात हजरत बाबा बुदन यांनी हजहून परतताना मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. तो डोंगर आज बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी आज एकट्या कर्नाटकात पिकते. पूर्वी मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाकडेच द्यावा लागे. १९९६ पर्यंत हे बंधन उठले आणि कच्चे बी खुल्या बाजारात मिळू लागले. आपल्याला आणखी एक सोय आहे. १९९८ साली पूर्ण झालेली ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि कॉफीचे मोठे बंदर असलेल्या मंगळूरजवळ ठोकूर येथे संपते.

भट्टीचे साहित्य

पुतण्याने प्रथम घरातला जुना ओव्हन घेतला. त्यात कोंबडी भाजण्यासाठी फिरणारी सळई असते. तिला जाळीचा डबा अडकवून बी भाजून पाहिले. पण ती सळई फार हळू फिरते. बी एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने पिवळे राहिले. पोह्यासाठी भात भाजताना तो कढईत सतत हलता ठेवावा लागतो, हे आपल्याकडच्या पोहेवाल्यांना सांगायला नको. कॉफीचेही तेच आहे.

मग दुसरी भट्टी केली. पाच लिटरचा स्टेनलेस स्टीलचा डबा घेतला. त्याच्या बुडाच्या मधोमध भोक पाडून ओव्हनमधलीच सळई बसवली. आत स्टीलची दोन पाती रिव्हेटने ठोकली, म्हणजे बी वर उचलले जाऊन पुन्हा खाली पडते. झाकणाला दोन इंची भोक ठेवले. त्यातून धूर आणि फोलपट बाहेर जाते आणि लांब दांड्याच्या चमच्याने नमुनाही काढता येतो. डबा फिरवण्यासाठी भंगारातून मोटारीच्या वायपरची मोटर आणली. ती १२ व्होल्टवर चालते आणि मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे देते. तिच्यासाठी ५ अँपियरचा अॅडॅप्टर लागतो. लोखंडी पट्ट्यांच्या घोडीवर डबा आडवा ठेवून त्याच्या खाली दोन-तीन इंचांवर गॅसची शेगडी ठेवली. मोटर आचेपासून हातभर दूर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा लावला.

भाजलेले बी लगेच थंड करावे लागते, नाहीतर ते आतल्या उष्णतेने भाजतच राहते. त्यासाठी स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा खोक्यात बसवला आणि त्याच्या तोंडावर मोठी चाळण ठेवली. पंखा खालून हवा ओढतो आणि तीन-चार मिनिटांत बी हाताला सोसेल इतके थंड होते.

आमच्या कारागीर बंधूंसाठी एक सूचना. डाख दिलेला सांधा किंवा कल्हईचे भांडे येथे चालत नाही. कथील २३२ अंशांवर वितळते आणि कडक भाजताना आतले बीच त्या उष्णतेच्या जवळ जाते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि नॉनस्टिक भांडेही घेऊ नये. फार तापल्यावर त्यांतून निघणारा धूर आरोग्यास घातक असतो.

भाजताना कानाने ओळखावे

एका घाण्याला पाव किलोच बी घ्यावे. कच्चे बी हिरवट असते आणि त्यात दहा ते बारा टक्के पाणी असते. चार-पाच मिनिटांत ते पिवळे पडते आणि ओल्या गवतासारखा वास येतो. मग ते तपकिरी होऊ लागते. नवव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमारास, बी साधारण २०० अंशांवर पोहोचले की, लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येतो. हा पहिला तडका. तो येताच उतरवले की आखाती पद्धतीच्या, वेलदोडे घालून करण्याच्या फिकट कहव्याला चालते. तडका संपल्यावर एक-दोन मिनिटे थांबले की नेहमीच्या कॉफीचा रंग येतो. आणखी पुढे, २२५ अंशांच्या आसपास, बारीक दुसरा तडका येतो. तेथून बी तेलकट आणि कडू होते. त्यानंतर भट्टीजवळून क्षणभरही हलू नये.

आमच्याकडे एकदा फोलपट साचून डब्यात जाळ झाला. पुतण्या पाणी आणायला धावला, आम्ही त्याला अडवले. अशा वेळी पाणी ओतू नये. गॅस बंद करावा, झाकणाचे भोक पत्र्याने दाबावे, डबा फिरता ठेवावा. हे काम घरात न करता उघड्या पडवीत करावे.

घट आणि भाव

आता खरी गोष्ट. कापडात जशी आट धरावी लागते, तशी कॉफीत घट धरावी लागते. फिकट भाजल्यास वजन १२ ते १४ टक्के घटते, मध्यम भाजल्यास १५-१६ टक्के आणि कडक भाजल्यास १८ ते २० टक्के. बी फुगते, त्यामुळे डोळ्यांना माल वाढल्यासारखा दिसतो. काटा मात्र खरे सांगतो.

समजा, कच्चे बी ६०० रुपये किलोने घेतले. १६ टक्के घट धरली तर हातात ८४० ग्रॅम उरतात, म्हणजे भाजलेला किलो ७१४ रुपयांना पडला. पुतण्याने कागदावर ६०० च्या वर ८० रुपये नफा लावून ६८० भाव काढला होता. त्या भावाने किलोमागे ३४ रुपयांचा तोटा होता आणि गॅस, पिशवी, जळालेले घाणे यांचा खर्च वेगळाच. यंत्र आणून हाच भाव ठेवला असता तर हप्ता कोठून निघणार होता?

ही तूट काटा मारून किंवा भेसळ करून भरून काढण्याचा मोह होतो. चिकोरी घालणे गुन्हा नाही, पण मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापायला हवे. शिळ्या मालावर ताजा माल पसरणे हीदेखील फसवणूकच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा विक्रेत्याला काय बजावले, ते प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

विक्री सुरू करण्यापूर्वी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी. धंद्यासाठी घरगुती गॅस वापरू नये, व्यापारी सिलिंडर घ्यावा. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी बेंगळुरूला कॉफी बोर्डाचे 'कापी शास्त्र' हे प्रशिक्षण आहे.

पन्नास घाणे पूर्ण झाल्यावर पुतण्याने स्वतःच कर्जाचे कागद परत केले. आता तो मागणीपुरतेच भाजतो, नवा भाव लावतो आणि पाकिटावर भाजल्याची तारीख लिहितो. मोठे यंत्र घ्यायची वेळ आली तर घरातल्याच एकाचे भांडवल आणि याची मेहनत, नफ्यात ठरलेला वाटा, असा मुदारबतचा करार करायचे आम्ही ठरवले आहे. तेव्हाही ही वही समोर असेल. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.