सूडनाट्यातील अस्वस्थ नायक : ‘विकारविलसित’ आणि भवभूतीचा राम यांच्या संदर्भात हॅम्लेटचा विचार

शेक्सपिअरच्या हॅम्लेटविषयी महाविद्यालयीन वर्गांतून एक उत्तर वर्षानुवर्षे दिले जात आले आहे : नायक अतिविचारी आहे, म्हणून तो कृती करू शकत नाही. हे उत्तर लक्षात ठेवण्यास सोपे आहे, परंतु संहितेशी ताडून पाहिले असता ते टिकत नाही. पडद्याआड दडलेल्या पोलोनिअसला हॅम्लेट क्षणाचाही विचार न करता भोसकतो. इंग्लंडच्या प्रवासात स्वतःच्या वधाचा आदेश असलेले पत्र बदलून तो रोझेन्क्रान्ट्झ आणि गिल्डेन्स्टर्न यांना मृत्यूच्या दारी पाठवतो. चाच्यांच्या जहाजावर तो एकटा चढतो. असा नायक कृतिशून्य म्हणता येत नाही. मग राजाचा वध ही एकच कृती का लांबते, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार मराठी भाषांतरपरंपरा आणि संस्कृत नाट्यविचार यांच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्य समीक्षेत या विलंबाची कारणे बहुधा नायकाच्या स्वभावात शोधली गेली. गटेने आपल्या ‘विल्हेल्म माइस्टर’ या कादंबरीत (१७९५-९६) त्याला न पेलणाऱ्या कार्याखाली मोडून पडलेला कोमल आत्मा मानले. कोलरिजने विचारशक्तीच्या अतिरेकावर बोट ठेवले, तर ब्रॅडलीने १९०४ मध्ये विषण्णतेवर. १९१९ मध्ये टी. एस. एलियट यांनी निराळीच तक्रार केली : हॅम्लेटची भावना नाटकातील घटनांच्या मानाने प्रमाणाबाहेर आहे, तिला पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नाही आणि म्हणून हे नाटक कलादृष्ट्या फसलेले आहे. या तक्रारीकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल.

मराठीत हे नाटक आले तेच एका अन्वयार्थासह. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांतराला ‘विकारविलसित’ हे नाव दिले आणि नायकाला चंद्रसेन केले. आदल्याच वर्षी आगरकरांनी टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशी यांनी चंद्रसेनाची भूमिका अजरामर केली. ‘विकारांचा विलास’ या शीर्षकामुळे नाटकाचे केंद्र सूडाच्या कथानकाकडून मनोव्यापाराकडे सरकते, ही त्याची मार्मिकता होय. परंतु त्यात एक धोकाही आहे. विकार म्हटला की तो विवेकाचा शत्रू ठरतो आणि नायकाचे दुःख हा जणू त्याच्या मनाचा दोष होऊन बसतो. प्रत्यक्षात हे नाटक विवेकाचेही आहे. पिशाचाच्या तोंडून ऐकलेल्या आरोपावर विसंबून माणूस मारावा का, हा प्रश्न नायक दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःला विचारतो. ते पिशाच सैतानाचेही रूप असू शकेल, ही त्याची शंका आहे. पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट न मानणाऱ्या आगरकरांना हा नायक भाषांतरासाठी जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

आता रसविचाराकडे वळू. सूडनाट्याचा स्वाभाविक स्थायिभाव क्रोध आणि रस रौद्र. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’मध्ये याचे ठळक उदाहरण मिळते. भीमाच्या क्रोधाचे आलंबन निश्चित आहे, अपराध भर सभेत घडलेला आहे आणि प्रतिज्ञाही उघड आहे. भीमाला कोणापुढे काही सिद्ध करावयाचे नाही. हॅम्लेटच्या बाबतीत यातील एकही गोष्ट उपलब्ध नाही. अपराध गुप्त आहे, साक्षीदार परलोकातला आहे आणि आलंबन तर दुभंगलेले आहे : क्रोध काकावर असावा, पण तो पुनःपुन्हा आईकडे वळतो. पित्याच्या मृत्यूचा शोक अजून ओसरलेला नसतानाच त्याच्यावर क्रोधाची आज्ञा लादली जाते. त्यामुळे क्रोध स्थायी होऊ शकत नाही. निर्वेद, शंका, चिंता, वितर्क, विषाद हे व्यभिचारी भाव येतात, पण ज्याला पुष्ट करावे असा भाव त्यांना सापडत नाही. वेडाचे सोंग म्हणजे अवहित्थ, पण त्याचा उन्माद कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड व्हावे अशी नाटकाची रचना आहे. एलियट यांची तक्रार आपल्या परिभाषेत मांडली तर ती ‘विभाव भावाला पुरेसा नाही’ अशी होईल. ती वस्तुस्थिती म्हणून मान्य करावी, दोष म्हणून मात्र मान्य करू नये. विभावाचा शोध हाच या नाटकाचा विषय आहे.

याच ठिकाणी भवभूतीची आठवण अपरिहार्य ठरते. आपले पूर्वज पद्मपूरचे असल्याचे भवभूतीने स्वतः नोंदविले आहे, आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर असे प्रतिपादन केले. ‘उत्तररामचरित’ हे सूडनाट्य नव्हे, पण त्याचा नायकही बाहेरून आलेल्या मागणीने ग्रासलेला आहे. दुर्मुखाने आणलेला लोकापवाद ऐकून राम सीतेचा त्याग करतो. तो पुरावा मागत नाही, कारण सीतेच्या शुद्धीविषयी त्याला शंकाच नाही. दुसऱ्या अंकात शंबूकावर शस्त्र उचलताना त्याला आपल्याच उजव्या हाताला आज्ञा करावी लागते, आणि सीतेला घालवून देणाऱ्या या हाताला करुणा कोठून असणार, असा उपरोध तो स्वतःवर करतो. शंबूकवध आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. निदान कर्ता आणि कृती यांच्यामध्ये एक भेग पडली आहे, एवढे तरी भवभूतीने येथे दाखविले आहे. हॅम्लेट कृतीपूर्वी थांबतो, राम कृतीनंतर झुरतो. एकाचा विलंब आणि दुसऱ्याचा पश्चात्ताप यांचे मूळ एकच आहे : कर्तव्य म्हणून समोर आलेली कृती ‘माझी’ आहे का, हा प्रश्न.

दोन्ही नाटकांतील अंतर्नाट्याची तुलना याहून उद्बोधक आहे. ‘उत्तररामचरित’च्या सातव्या अंकात गंगातीरी वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात. राम प्रेक्षक असतो, पण तो प्रेक्षक राहू शकत नाही. हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाला त्याला करून द्यावी लागते. अखेरीस अरुंधती सीतेला घेऊन येते आणि जमलेल्या प्रजेसमोर तिचा स्वीकार होतो. येथे सत्य सर्वांसमक्ष प्रकट होते, म्हणून ते जखम भरून काढते.

हॅम्लेटने योजलेल्या नाटकाचे तसे होत नाही. त्याने होरेशिओला राजाचा चेहरा न्याहाळावयास सांगितले आहे. राजा उठून जातो, आणि हॅम्लेटची खात्री पटते. पण त्या नाटकात राजाला विष देणारा त्याचा पुतण्या आहे. दरबाराच्या दृष्टीने हा अपराधाचा उलगडा नव्हे, तर पुतण्याने काकाला दिलेली धमकी आहे. मिळालेला पुरावा अशा रीतीने खासगीच राहतो. पुढच्याच प्रवेशात राजा गुन्ह्याची कबुली देतो. ती आपण ऐकतो, हॅम्लेट ऐकत नाही. प्रार्थनेत मारलेला माणूस स्वर्गाला जाईल, म्हणून तो तलवार आवरतो. हे कारण क्रूर आहे, आणि नायकाला निर्दोष ठरविणाऱ्या समीक्षकांनी ते नजरेआड करू नये.

पाचव्या अंकात मात्र चित्र पालटते. विषारी प्याल्याने राणी मरते, लेअर्टिस सर्वांदेखत राजाचे नाव घेतो. अपराध प्रथमच उघड सभेत येतो, विभाव निश्चित होतो आणि वध तत्क्षणी घडतो. ही योगायोगाने झालेली सुटका आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः खराही आहे, कारण या प्रकटीकरणाची किंमत आठ प्रेतांनी मोजली जाते. तरीही मरणाऱ्या हॅम्लेटची शेवटची चिंता आपली हकीकत जगाला खरी कळावी, हीच आहे. होरेशिओला तो त्यासाठीच जिवंत ठेवतो.

या भागातील विद्यार्थी झाडीपट्टीची नाटके पाहत वाढतो. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री खलनायक पहिल्याच प्रवेशात ओळखू येतो आणि सूड हा न्याय असतो. अशा प्रेक्षकाला हॅम्लेट ‘दुबळा’ वाटणे स्वाभाविक आहे. त्याची समजूत खोडून काढण्याऐवजी त्याला एकच प्रश्न विचारावा : येथे गुन्हा कोणी पाहिला? त्या प्रश्नापासून सुरुवात केली, तर विलंब हा मनाचा रोग न राहता न्यायबुद्धीचे मोल ठरू लागतो. ते मोल ऑफीलियासारख्या निरपराध व्यक्तीलाही चुकवावे लागते, आणि म्हणूनच हे नाटक शोकांतिका आहे. ‘विकारविलसित’ या नावातील विकारांच्या तळाशी पुराव्याची मागणी करणारा विवेक आहे, हे ध्यानी घेतले तर आगरकरांचा चंद्रसेन पुन्हा नव्याने वाचण्याजोगा ठरतो.