रंगपटातील प्रेताचा पंचनामा

मीरा-भाईंदरला स्वतःचे नाट्यगृह लाभले ते 2022 साली, लता मंगेशकर यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूच्या रूपाने; तोपर्यंत येथील रसिकांना तिसरी घंटा ऐकण्यासाठी एक तर बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह गाठावे लागे, नाही तर घोडबंदरच्या वाटेने ठाण्याचे गडकरी रंगायतन. अशा दूरच्या प्रेक्षकाला रहस्यनाट्य विशेष मानवे, कारण खुनाच्या उकलीत लेखकाने लबाडी कोठे केली याचा निवाडा करण्यास परतीचा सारा प्रवास मोकळा असे.

त्याच्या आधीच्या पिढीने खुनाची गोडी घेतली ती पुस्तकांतून. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी, आमच्या खाडीपलीकडच्या अर्नाळ्याची आठवण देणारे बाबुराव अर्नाळकर हे नाव धारण करून, हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. परंतु त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे वेषांतराचे, पाठलागाचे आणि साहसाचे धनी, चार भिंतींत बसून दहा जणांच्या जबान्या ताडून पाहण्याचे धैर्य त्यांच्या रक्तात नव्हते. तिकडे न्यूझीलंडच्या नायो मार्श यांनी, ज्या स्वतः शेक्सपिअरची नाटके बसवीत, 1935 च्या ‘एंटर अ मर्डरर’ या कादंबरीत नाटकातल्या पिस्तुलात खोट्या काडतुसांच्या जागी खरी भरविली, आणि तपासी अंमलदाराला प्रेक्षकांतच आणून बसविले. खून सर्वांसमक्ष झाला, गोळी कोणी झाडली हेही सर्वांनी पाहिले, आणि तरीही खुनी कोण हे कोणास ठाऊक नाही: ही किमया रंगभूमीखेरीज अन्यत्र साधणे कठीण.

आमच्याकडे नाट्यगृहात खरोखरची गोळी चालली ती 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर. ती झाडणारे अनंत कान्हेरे जागीच पकडले गेले आणि 19 एप्रिल 1910 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या घटनेत रहस्य नव्हते, बलिदान होते. तिला करमणुकीच्या पंक्तीत बसविणे उचित नव्हे.

मराठी रंगभूमीने गुन्हा आपलासा केला तो पुढे, आणि तोही उलट्या बाजूने. 1962 साली आलेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये लखोबा लोखंडे हाच आरोपी हे प्रेक्षकास पुरते ठाऊक असते, साक्षीपुराव्याचे जाळे आवळत असता प्रभाकर पणशीकरांचा तो इसम निसटतो कसा, एवढेच पाहावयाचे. ‘कोण?’ या प्रश्नाची भूक भागविण्यास अनुवादांकडेच वळावे लागले, आणि अगाथा ख्रिस्तीला मराठीत आणणाऱ्यांमध्ये मधुकर तोरडमल यांच्यासारखा कसलेला नट असावा, यात मला योगायोगाहून अधिक काही दिसते. प्रवेश कोणाचा, निर्गम कोणाचा आणि त्या वेळी विंगेत कोण उभे होते, हा हिशेब नटाइतका चोख दुसरा कोण ठेवणार? अलीकडे नीरज शिरवईकरलिखित, विजय केंकरेदिग्दर्शित ‘अ परफेक्ट मर्डर’ने फ्रेडरिक नॉटच्या ‘डायल एम फॉर मर्डर’चा मुद्देमाल मराठी दिवाणखान्यात आणून ठेवला. (हे मूळ नाटक आणि ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ ही दोन्ही लंडनमध्ये 1952 सालीच रंगमंचावर आली.)

परंतु दिवाणखाना तो दिवाणखानाच. जुन्या नाटक मंडळीचे बिऱ्हाड, जेथे मालक, भागीदार, स्त्रीपार्टी, साजिंदे आणि आचारी एकाच मुक्कामी महिनोन्‌महिने राहत, जेथे गल्ल्यावरून तंटे होत आणि एका भूमिकेवर दोघांचा डोळा असे, ते रहस्यकादंबरीकारास आयते मिळालेले वतन होते; त्याकडे आपले लेखक अभावानेच फिरकले, ही हानी मी लहान समजत नाही. कपडेपटाच्या पेटीची किल्ली कोणापाशी, रंगपटात दुधाचा पेला कोणी नेला, ऐन पदाच्या वेळी पेटीवाला जागेवरून का उठला, अशा प्रश्नांनी शे-दोनशे पाने सहज भरली असती. शिवाय तेथे प्रॉम्प्टर होता. सर्वांचे संवाद त्याच्यापुढे, सर्वांच्या चुका त्याला ठाऊक, आणि प्रेक्षकांपैकी कोणी त्याला पाहिलेलेही नाही. फौजदाराने पहिली जबानी त्याचीच नोंदवावी.